कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला तर सेन्सरांचे काय होते?

चिंचवडकर

माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडी ९६ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी ०४२० हा कोड आला. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली आहे, असा त्याचा अर्थ मला सांगण्यात आला. नवा अस्सल भाग घेतला तर पन्नास हजारांच्या पुढे जाईल, असा अंदाज मिळाला. त्यावर गॅरेजमालकांनी दुसरा मार्ग सुचवला: कन्व्हर्टर उतरवून आतली जाळी फोडून काढायची, रिकामे कवच पुन्हा वेल्ड करून बसवायचे, म्हणजे बाहेरून काही कळणार नाही, गाडी ‘मोकळी’ होईल आणि ॲव्हरेजही वाढेल. जाळीचे पैसे मजुरीतून वळते करून देतो, असेही ते म्हणाले.

माझा प्रश्न नैतिकतेचा नाही, तो मी घरी रोज ऐकतो आहे. मला हे समजून घ्यायचे आहे की जाळी काढल्यावर पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरला नेमके काय दिसते, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) त्यावर काय करतो आणि इंजिनाचे खरेच काही नुकसान होते का. ज्यांनी हा उद्योग केला आहे किंवा ज्यांना यातले कळते, त्यांनी कृपया लिहावे.

उडाणटप्पू

ज्या वस्तूचे पैसे गॅरेजवाला आपणहून परत देतो, ती वस्तू त्याला द्यायची नसते, एवढे मला कळते.

लॅम्बडा

चिंचवडकर, प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुढचा सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी, मॅनिफोल्डजवळ असतो. इंजिनातून निघालेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला आहे हे तो सांगतो आणि त्यावरून ईसीयू पेट्रोलचे प्रमाण क्षणाक्षणाला कमीजास्त करतो. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, या मेळाच्या आसपास मिश्रण सतत हेलकावे खात असते. जुन्या पद्धतीच्या झिर्कोनिया सेन्सरचा आलेख पाहिला तर व्होल्टेज ०.१ ते ०.९ यांच्यामध्ये झोपाळ्यासारखे वरखाली होताना दिसते.

मागचा सेन्सर कन्व्हर्टरच्या नंतर असतो आणि त्याचे मुख्य काम पहारेकऱ्याचे आहे. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांच्याबरोबर सेरियमचे ऑक्साइडही असते. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असताना हे ऑक्साइड जास्तीचा ऑक्सिजन धरून ठेवते आणि मिश्रण जाड (पेट्रोल जास्त) झाले की तो सोडते. त्यामुळे पुढचे हेलकावे जाळीत जिरतात आणि मागच्या सेन्सरला जवळपास स्थिर, ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपासची रेघ दिसते. जाळीची ही साठवणूक संपली की मागची रेघ पुढच्या रेघेची नक्कल करू लागते. ईसीयू दोन्ही रेघा ताडून पाहतो आणि त्या फार सारख्या दिसल्या की पी ०४२० नोंदवतो.

आता उत्तर. जाळी काढल्याने पुढच्या सेन्सरला काहीही कळत नाही, कारण तो आधीच बसलेला आहे. मागच्याला मात्र इंजिनाचा कच्चा धूर दिसतो. म्हणजे ज्या कोडमुळे तुम्ही गॅरेजमध्ये गेलात, तो कोड जाळी काढल्यावर जाणार नाही, उलट कायमचा मुक्कामाला येईल. शिवाय बऱ्याच गाड्यांत ईसीयू मागच्या सेन्सरचा उपयोग मिश्रणाच्या बारीक दुरुस्तीसाठीही करतो. तिथे मागची रेघ नाचू लागली की ती दुरुस्ती भरकटते. इंजिन त्याने बिघडत नाही, पण ‘ॲव्हरेज वाढेल’ या म्हणण्याला कसलाही आधार राहत नाही.

खडकवासला

लॅम्बडा यांचे म्हणणे पुस्तकात बरोबर आहे. मी चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीची जाळी काढली आणि मागच्या सेन्सरखाली लोखंडी स्पेसर लावला. त्यानंतर तीस हजार किलोमीटर झाले, दिवा एकदाही लागलेला नाही आणि गाडीचा पिकअप पहिल्यापेक्षा चांगला आहे. सगळ्या गोष्टींचा बाऊ करू नये.

नीलांबरी

खडकवासला, पिकअप चांगला झाला हे तुम्ही मोजले आहे की आवाज वाढल्यामुळे तसे वाटते आहे? आमच्या शेजारी अशी एक गाडी आहे. ती पहाटे सुरू झाली की आख्ख्या सोसायटीला पिकअप जाणवतो.

लॅम्बडा

खडकवासला, स्पेसर काय करतो ते पाहा. सेन्सर धुराच्या मुख्य प्रवाहातून बाहेर, एका अरुंद नळीच्या टोकाशी जाऊन बसतो. धूर त्याच्यापर्यंत उशिरा आणि थोडाच पोहोचतो, म्हणून हेलकावे दबतात आणि रेघ सपाट दिसते. पहारेकरी जागाच आहे, फक्त त्याला खोलीबाहेर बसवून दार लोटून घेतले आहे. यात दुरुस्ती कुठेच नाही. तोच प्रकार तारेत रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडण्याचा, आणि तोच ईसीयूच्या प्रोग्राममधून कोड पुसून टाकण्याचा. उद्या एखाद्या सिलिंडरमध्ये मिसिंग (ठिणगी चुकणे) सुरू होऊन मिश्रण बिघडले, तरी मागचा सेन्सर तुम्हाला सगळे आलबेल असल्याचेच सांगत राहील.

तुमची जाळी आधी तुंबलेली असेल, तर पिकअपमधला फरक खरा असू शकतो. पण मग ती तुलना तुंबलेल्या जाळीशी झाली, धडधाकट जाळीशी नव्हे. साध्या १.२ लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनात चांगली जाळी जी अडवणूक करते ती चालवणाऱ्याला जाणवण्याइतकी नसते.

भोसरीचा फिटर

मी बावीस वर्षे या धंद्यात आहे, म्हणून दोन्ही बाजूंना दोन शब्द सांगतो.

तुंबलेला कन्व्हर्टर मी पुष्कळ पाहिला आहे. जाळी वितळून तिचा गोळा होतो, गाडी तिसऱ्या गियरच्या वर ओढत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गुदमरते आणि रात्री खाली वाकून पाहिले तर नळी लालभडक दिसते. गिऱ्हाइकाकडे पैसे नसतात आणि गाडीवर त्याचे पोट असते. अशा वेळी जाळी फोडून दिल्याचे मीही केले आहे, ते नाकारत नाही. पण ‘मोकळी होईल’ असे सांगून धडधाकट जाळी काढणारे वेगळे, आणि ते कशासाठी काढतात हे उडाणटप्पू यांनी एका ओळीत सांगितलेच आहे. भंगारात त्या जाळीचा भाव तुमच्या वजावटीच्या कितीतरी पट असतो.

चिंचवडकर, तुमची जाळी तुंबली आहे का, हे कोणी तपासले का? पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा. गाडी जागेवर सुरू असताना सव्वा पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत दाब असेल, तर वाट मोकळी आहे असे आम्ही धरतो. पंधरा मिनिटांचे काम आहे. ते न करता कटर हातात घेणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जाळी आपण होऊन मरत नाही. ती कोणीतरी मारलेली असते. प्लग, कॉइल, ऑइल पिणारे इंजिन, हेड गॅस्केटमधून गळणारे कूलंट, यांपैकी कोण, ते आधी शोधा. नाहीतर पन्नास हजारांची नवी जाळी वर्षभरात त्याच वाटेने जाईल.

चिंचवडकर

फिटरसाहेब, प्रेशर कोणीही तपासलेले नाही. स्कॅनर लावला, कोड वाचला आणि कोटेशन दिले, एवढेच झाले. ऑइल दोन बदलांच्या मध्ये जेमतेम पाव लिटर कमी होते. मात्र गेल्या पावसाळ्यापासून घाट चढताना तिसऱ्या गियरमध्ये गाडी मध्येच हिसका देते आणि त्यानंतर काही वेळ सडक्या अंड्यांसारखा वास येतो. या दोन गोष्टींचा संबंध असेल, असे माझ्या डोक्यात आले नव्हते.

लॅम्बडा

संबंध दाट आहे. पेट्रोलमध्ये थोडे गंधक असतेच. बीएस-४ मध्ये त्याची मर्यादा दहा लाखांत ५० भाग होती, बीएस-६ मध्ये ती १० वर आली. मिश्रण फार जाड झाले की जाळीवर त्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि तोच तो वास.

हिसका म्हणजे मिसफायर असेल, तर एक गंमत लक्षात ठेवा, कारण इथे भलेभले फसतात. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तिथले पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर येतात. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला दिसतो तो ऑक्सिजन. मग तो ईसीयूला कळवतो की मिश्रण पातळ झाले आहे. ईसीयू बिचारा सगळ्याच सिलिंडरांत आणखी पेट्रोल ओततो. न जळलेले पेट्रोल आणि ऑक्सिजन जाळीवर एकत्र येऊन तिथेच जळतात आणि जाळी भाजून निघते. स्कॅनरवर दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) आणि प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर आकडा पाहा. ट्रिम अधिक दहाच्या पुढे असेल, तर मूळ रोग कन्व्हर्टरच्या अलीकडे आहे.

सीएनजीस्वार

माझा अनुभव याला जोडून देतो. मी बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले आणि आठ महिन्यांत हाच कोड आला. किटचे मॅपिंग (गॅस किती सोडायचा याची जुळणी) एकदाही नीट केलेले नव्हते. सीएनजीवर ट्रिम उणे अठरा आणि पेट्रोलवर अधिक चार, अशी दोन टोके होती. त्यातच प्लग जुने होते, आणि सीएनजीच्या मिश्रणाला पेटायला ठिणगी जास्त जोराची लागते. मॅपिंग करून, नवे प्लग घालून कोड पुसला, तो आजतागायत परत आलेला नाही. जाळी वाचली, कारण मी ती काढायला मुहूर्त शोधत होतो आणि तो मिळाला नाही.

कलमदान

नैतिकता नको म्हणालात, म्हणून फक्त कायदा सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रदूषणाच्या मानकांचा भंग कलम १९०(२) मध्ये येतो. तिथे पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र होते. जबाबदारी मालकाची धरली जाते. ‘फिटरने सुचवले होते’ हा बचाव होत नाही.

खडकवासला

कलमदान, माझी पीयूसी दर वेळी पास होते. आता बोला.

भोसरीचा फिटर

खडकवासला, पीयूसी मशीनची नळी सायलेन्सरच्या शेपटात किती आत घातली होती, हे पाहिले होते का? बीएस-४ पेट्रोल गाडीला जागेवर चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो. २५०० आरपीएमच्या आसपास तोच ०.२ टक्क्याच्या आत लागतो आणि लॅम्बडा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मेळाचा आकडा (नेमका मेळ म्हणजे १), ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. जाळी नसलेले इंजिन कितीही उत्तम ट्यून केलेले असले, तरी त्याचा कार्बन मोनॉक्साइड सहसा अर्धा ते एक टक्का निघतो. तुमची गाडी नीट तपासून पास झाली असेल, तर एकतर मशीनला विश्रांती हवी आहे किंवा तुमच्या इंजिनाला पारितोषिक.

वैदेही सॅन होजेकर

इकडे कॅलिफोर्नियात गोष्ट उलटी आहे. इथे लोक स्वतः काढत नाहीत, रात्री चोर येऊन काढून नेतात. २०२१ च्या वसंतात ऱ्होडियमचा भाव औंसाला सुमारे २९ हजार डॉलरपर्यंत गेला होता. जुन्या हायब्रिड गाड्या चोरांच्या विशेष आवडीच्या, कारण त्यांचे इंजिन कमी चालते आणि जाळी कमी झिजलेली असते.

आमची गाडी रस्त्यावर उभी असताना हा प्रसंग आमच्यावर आला. सकाळी किल्ली फिरवली आणि गाडीतून ट्रॅक्टरचा आवाज आला. माझे सासरे तेव्हा साताऱ्याहून आले होते. ते खाली वाकून पाहून म्हणाले, “अगं, हिचा सायलेन्सर कोणीतरी उसासारखा तोडून नेलाय.” दोन्ही टोके अगदी तिरकी, स्वच्छ कापलेली होती आणि मागच्या सेन्सरची तार तुटून लोंबत होती.

धाग्याशी संबंध असा की चोरांनी नेल्यानंतर गाडी आम्ही दोन मैल चालवत वर्कशॉपला नेली. इंजिन व्यवस्थित चालले, दिवा मात्र लागला, पण तो कार्यक्षमतेचा नव्हता, मागच्या सेन्सरचे सर्किटच तुटल्याचा होता. आणि इथे स्वस्तातला कोणताही भाग चालत नाही. राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक त्याच्यावर कोरलेला असावा लागतो आणि दर दोन वर्षांनी होणाऱ्या स्मॉग तपासणीत माणूस वाकून तो क्रमांक वाचतो.

उडाणटप्पू

म्हणजे तिकडे चोर पैसे न देता नेतात आणि इकडे आपण मजुरी देऊन न्यायला लावतो.

जुना मॉडेल

ज्यांना ही भानगड नवी वाटते, त्यांच्यासाठी आठवण सांगतो. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल तिथल्या पंपांवर आले. आमच्या काकांनी त्याच वर्षी मुंबईत गाडी घेतली. मे महिन्यात ते गावी निघाले, तेव्हा शिसेविरहित पेट्रोल वाटेत मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून डिकीत दोन कॅन भरून घेतले होते. परतीच्या वाटेवर ते संपले आणि नाइलाजाने साधे पेट्रोल भरले. शिसे जाळीवरच्या धातूंवर पापुद्र्यासारखे बसते आणि तिला निकामी करते. काकांच्या गाडीत मागचा सेन्सर नव्हताच, त्यामुळे जाळी केव्हा मेली हे कोणालाही कळले नाही आणि काका शेवटपर्यंत ‘माझी गाडी प्रदूषण करत नाही’ असे सांगत राहिले. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून २००० सालच्या फेब्रुवारीत गेले.

खडकवासला यांच्या स्पेसरने त्यांची गाडी नेमकी १९९५ मध्ये नेऊन ठेवली आहे.

खडकवासला

जुना मॉडेल, हे मात्र लागले. ठीक आहे, पुढच्या वेळी पीयूसीला नळी मी स्वतः आत घालतो आणि आकडे इथे टाकतो.

नीलांबरी

डिझेल गाडीवाल्यांनीही हे वाचून उगाच स्फुरण चढवून घेऊ नये. तिथे काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा सेन्सर असतो. माझ्या भावाने फिल्टर पोकळ करून घेतला, तेव्हा दोन्हीकडचा दाब सारखा दिसू लागला. ईसीयूने फिल्टर जागेवर नसल्याचे अचूक ओळखले आणि गाडी मर्यादित शक्तीवर नेऊन ठेवली. सोलापूर रस्त्यावर ती चाळीसच्या वर जाईना.

चिंचवडकर

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी परत येतो आहे, कारण हातात आकडे आल्याशिवाय लिहायचे नाही, असे ठरवले होते.

दुसऱ्या गॅरेजमध्ये आधी प्रेशर गेज लावला. जागेवर अर्ध्या पीएसआयच्या जवळपास आणि २५०० ला दीड. म्हणजे जाळी तुंबलेली नव्हतीच आणि ‘मोकळी’ करण्यासारखे तिथे काही नव्हते. दीर्घकालीन ट्रिम अधिक १३ निघाला. गाडी घेऊन मेकॅनिक माझ्याबरोबर चढावर आला. तिसऱ्या गियरमध्ये हिसका बसताच तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर आकडा टकटक वाढू लागला, बाकीचे तिन्ही शून्यावर होते. खाली आल्यावर त्याने तिसऱ्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलांची अदलाबदल केली. पुन्हा चढावर गेलो, तर आकडा आता दुसऱ्या सिलिंडरचा वाढत होता. कॉइलच्या रबरी बुटावर केसाएवढी काळी रेघ होती, ठिणगी तिथून बाजूला पळत होती. नवी कॉइल आणि चार प्लग घातल्यावर ट्रिम दोन दिवसांत अधिक तीनवर आला, वास गेला आणि ॲव्हरेज लिटरमागे दीड किलोमीटरने वाढले. जे जाळी काढून मिळेल असे सांगितले होते, ते जाळी गाडीत असतानाच मिळाले.

दुर्दैवाने कोड पुसल्यावर साधारण तीनशे किलोमीटरांनी दिवा पुन्हा लागला. मागची रेघ अजून पुढच्या रेघेमागे नाचत होती, म्हणजे वर्षभर भाजून जाळीने ऑक्सिजन साठवायची शक्ती घालवलीच होती. शेवटी नवा कन्व्हर्टर बसवला. आज स्कॅनर लावून पाहिले, मागचा सेन्सर ०.६८ व्होल्टवर आहे आणि पाच मिनिटांत तो जागचा हललेला नाही.

भोसरीचा फिटर

कोड पुसल्यावर लगेच पीयूसी किंवा सर्व्हिसला नेऊ नका. ईसीयूला आपली तपासणी पूर्ण करायला थंड स्टार्ट आणि थोडा हायवे लागतो. आणि जुना कन्व्हर्टर कुठे आहे?

चिंचवडकर

माझ्या डिकीत. टॉर्च लावून आत पाहिले, एका बाजूची षटकोनी भोके वितळून नखाएवढा चकचकीत डाग झाला आहे. पहिल्या गॅरेजमधून कालपर्यंत दोनदा फोन आला, ‘तो जुना तुकडा तुम्हाला काय कामाचा?’

उडाणटप्पू

तिसऱ्या फोनला भाव विचारा.